चंद्रीच्या शिंगांचा रंग

खजुरी,
ज्येष्ठ वद्य दशमी, सन १३४४ फसली

गुरुबाई अक्काला बंडेप्पाचे शरणार्थ.

पेरण्या आटोपल्या. अव्वाचा गुडघा कुरकुर करतो, बाकी ठीक. दाजींना मुद्दाम सांग की आळंदच्या कचेरीत पेशकारसाहेब आता मला बसायला स्टूल देतात. कुणी मराठीत गाऱ्हाणं सांगो की कानडीत, मी ते उर्दूत असं मांडतो की साहेब मान डोलवतात. परवा बांधावरून भांडणारे दोन भाऊ माझ्या बोलण्यानं एकमेकांच्या गळ्यात पडले. लोक म्हणतात, माणसाच्या पोटातलं ओळखावं ते बंडेप्पानंच.

आता मुख्य गोष्ट, जी लिहायला जरा लाज वाटते. आमच्या घरातलीचं आणि आपल्या चंद्री म्हशीचं अजिबात पटत नाही. वैरण टाकताना, धार काढताना, शेण भरताना, ती त्या मुक्या जनावराशी सारखी काहीतरी वाद घालत असते. माणसांशी म्हणशील तर एक शब्द नाही. अव्वासमोर खालमानेनं वावरते, माझ्यासमोर तर भिंतीला चिकटून जाते. सगळा राग म्हशीवर.

मी माझ्या परीनं उपाय केले. चंद्रीला ओढ्यात जास्त वेळ बसवलं. कारहुणवीच्या सणाला बैलांची शिंगं रंगवून रंग उरला होता, त्यानं तिची शिंगं रंगवली. सिद्धप्पा जनावरांचा जाणकार आहे, त्याच्याकडून तिचं तोंड तपासून घेतलं. तरी कटकट थांबत नाही. बाईमाणसाचा स्वभाव तुला जास्त कळणार, म्हणून विचारतो, काय करू?

तुझा,
बंडेप्पा

•

कल्याणी,
आषाढ शुद्ध द्वितीया

बंडेप्पाला आशीर्वाद.

स्टुलाचं दाजींना सांगितलं. ते म्हणाले, खुर्ची मिळाली की कळव.

तिला रत्नम्मा असं चांगलं नाव आहे. ‘आमच्या घरातली’ म्हणजे काय? घरात तर उखळही असतं. नाव लिहायला शाई जास्त लागत नाही.

म्हशीचं म्हणशील तर त्यात विचारायचं काय? म्हशीचं काम जड. नांदायला येऊन दोन वर्षं झालेली पोर, अव्वाचा गुडघा धरलेला, म्हणजे शेण, धार, घुसळण सगळं तिच्यावरच. वैतागणार नाही तर काय! विकून टाक ती म्हैस आणि एखादी गरीब गाय घे. पोर सुखी होईल.

माझ्याकडे पाहुणे आहेत, म्हणून थोडक्यात लिहिते.

तुझी अक्का

•

खजुरी,
श्रावण वद्य द्वितीया

अक्काला शरणार्थ.

तुझा सल्ला मी तंतोतंत पाळला. आषाढातच चंद्रीला आळंदच्या बाजारात नेलं आणि सरसंब्याच्या वीरण्णाला देऊन टाकलं. पण तेव्हापासून घरात काहीतरी बिघडलं आहे.

आमच्या घरातलीनं (रागावू नकोस, अव्वा जवळ बसली आहे, नाव लिहिताना हात अडतो) त्या दिवसापासून बोलणंच सोडलं. म्हैस नाही, तर कटकट नाही, हे मला आधी बरंच वाटलं. पंचमीला तिचा भाऊ ईरण्णा न्यायला आला, तेव्हा ती आपली अख्खी पेटी घेऊन गेली. मला वाटलं, सणासुदीचे दिवस, झोक्यावर बसताना मिरवायला कपडे लागत असतील. गाडीत चढताना तिनं रिकाम्या दावणीकडे एकदा पाहिलं. मी म्हणालो, ‘गाय बघायलोय मी, काळजी करू नगं.’

पंचमी होऊन गेली. आता नारायणपूरहून एका कापडवाल्याबरोबर सासऱ्यांचा निरोप आला आहे, पोरगी यायची नाही म्हणते, तुम्हीही न्यायला येऊ नका. कारण विचारलं तर कापडवाला म्हणतो, ‘तुम्हाला ठाव हाय, असं म्हणाले.’ अक्का, शपथेवर सांगतो, मला काही ठाऊक नाही. मी तिला कधी टाकून बोललो नाही, हात उगारणं तर लांबच. तिच्या सुखासाठी दुभती म्हैस घालवली. यात माझं काय चुकलं?

बंडेप्पा

•

कल्याणी,
श्रावण वद्य सप्तमी

बंडेप्पा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पेटी घेऊन गेलेली बाई मिरवायला जात नसते, एवढं तरी तुला कळायला हवं होतं.

मला एक सांग. ती म्हशीशी वाद घालते असं तू लिहिलंस, पण काय बोलत होती ते लिहिलं नाहीस. मीही विचारलं नाही. आता कचेरीत दुसऱ्याचं बोलणं जसंच्या तसं सांगतोस ना, तसं लिही. तुझी अक्कल त्यात मिसळू नकोस.

तुझी अक्का

•

खजुरी,
श्रावण वद्य एकादशी

अक्काला शरणार्थ.

आठवतं तेवढं जसंच्या तसं लिहितो.

कारहुणवीला मी अंगणात बैलांची शिंगं रंगवत होतो. ती चंद्रीपुढं वैरण टाकत होती. म्हणाली, ‘चंद्रे, बैलाच्या शिंगाचा रंग उडालेला दिसतोय बघ लोकांना. हिकडं लुगड्याचा रंग उडून गेलाय, ते कुणाच्या नजरंला यीना.’ मला वाटलं, म्हशीला बैलांचा हेवा वाटत असेल असं हिच्या मनात आलं. रंग उरला होता. चंद्रीची शिंगं तांबडी केली. लुगड्याचं कानावर पडलं होतं, पण ते बोलण्याच्या ओघात आलं असेल असं समजलो.

पुढं एकदा मी लिंगपूजा आटोपून ओसरीवर भाकरी खात होतो. ती धारेला बसली होती. म्हणाली, ‘चंद्रे, तोंड काय निस्तं खायालाच दिलंय का? घरी येऊन दोन शब्द बोललं तर दात झिजत्यात व्हय?’ दातांचं नाव आलं म्हणून मी सिद्धप्पाला बोलावलं. त्यानं गल्लीतल्या लोकांसमोर चंद्रीची जीभ ओढून सगळे दात पाहिले आणि ‘तोंड झकास हाय’ म्हणाला. ती दारात उभी होती, ते ऐकून आत गेली.

मधे एकदा म्हणाली, ‘तुझं बरं हाय चंद्रे, तुला माळावर नेत्यात, ओढ्याला नेत्यात. मला आळंदची जत्रा कसली असती ते अजून ठाव न्हाई.’ दुसऱ्या दिवसापासून मी चंद्रीला ओढ्यात जास्त वेळ बसवू लागलो. हे तुला लिहिलंच होतं.

आणि शेवटचं. बाजाराच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ती चंद्रीच्या गळ्यात हात टाकून म्हणाली, ‘नको झाली असलीस तर बाजार दाखवा म्हणावं एकदा. दावणीला बांधून ठेवायचं आन् वळून बघायचं न्हाई, असं कशापायी?’ तुझं पत्र आलेलंच होतं. मी म्हटलं, तिच्याही मनात तेच आहे, आता ठरलं. बाजारातून परत आलो तेव्हा ती दारात होती. नुसतं दावं माझ्या हातात. मी आपण होऊन तिच्याशी बोललो, ‘घे, लावली वाटंला. तुझी कटकट मिटली.’

यातलं तुला काही कळलं तर मला कळव.

बंडेप्पा

•

कल्याणी,
श्रावण अमावास्या

बंडेप्पा,

तुझं पत्र वाचता वाचता पदरात तोंड लपवलं. आधी हसू आवरेना म्हणून आणि नंतर लाज वाटली म्हणून.

अरे खुळ्या, ती म्हशीशी बोलत नव्हती. तुझ्याशी बोलत होती!

सासू ओसरीवर बसलेली असताना सून नवऱ्याशी उघड बोलेल का? मग ती म्हशीला सांगते आणि नवऱ्यानं ऐकायचं असतं. आपली अव्वा काय करायची? जात्यावर बसली की जात्याला म्हणायची, ‘बाबा जात्या, डाळ संपली रं.’ आणि अप्पा पायात वहाणा घालून बाहेर पडायचे. तुला काय वाटलं, अप्पांना फिरायची हौस होती? मी स्वतः मांजराशी बोलते. लग्न झाल्यापासून तीन मांजरं झाली.

आता तिच्या जागी उभा राहून बघ. ती म्हणाली, लुगडं विटलं. तू म्हशीची शिंगं रंगवलीस. ती म्हणाली, दोन शब्द बोला. तू सगळ्या गल्लीसमोर म्हशीचे दात मोजायला माणूस आणलास. ती म्हणाली, जत्रेला न्या. तू म्हशीला ओढ्यावर नेलंस. शेवटी बिचारी म्हणाली, नको असेन तर बाजार दाखवा. तू बाजार दाखवलास. वर तिला तोंडावर सांगितलंस, लावली वाटेला!

ती अजून तुझ्या नावाचं कुंकू लावते की नाही देव जाणे. मी असते तर पेटीच काय, दाराची कडीही काढून नेली असती.

माझीही मान खाली आहे. तीन मांजरं झालेल्या बाईला ‘म्हशीशी वाद घालते’ हे वाचून लगेच कळायला नको होतं? मला पाहुण्यांची घाई. न विचारता म्हैस विकायला सांगून बसले. तिच्यापुढं जायला मलाच तोंड नाही, तरी उद्या-परवा नारायणपूरला जाऊन येते.

तुझी अक्का

•

खजुरी,
भाद्रपद शुद्ध पंचमी

अक्काला शरणार्थ.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी कचेरीत गेलो नाही.

अव्वाला विचारलं, ‘तुला ठाव होतं?’ ती म्हणाली, ‘समद्या गल्लीला ठाव होतं.’ मी म्हणालो, ‘मग मला कामून सांगितली न्हाईस?’ तर म्हणते, ‘सून म्हशीला बोललेलं मी लेकाला कसं सांगू? आन् आमाला काय म्हाईत तुला कळंना ते. आमाला वाटलं, तुला कळायलंय आन् तू मुद्दाम करायलास. शिंगं रंगवलीस तवा शेजारची चन्नव्वा म्हणाली, किती निगरगट्ट माणूस हाय. मी गप्प बसले. लेक हाय म्हणून गप्प बसले.’

अक्का, माझ्या आईलाही मी तसाच वाटलो. लाजेनं मेल्यासारखं झालं आहे. रस्त्यानं निघालो की बायका पाण्याच्या घागरी घेऊन बाजूला सरतात. आजवर मला वाटायचं, मान देतात. कचेरीत परवा एका म्हातारीचं गाऱ्हाणं उर्दूत सांगताना मधेच अडखळलो. वाटलं, ही खरंच पेशकाराशी बोलते आहे की आणखी कुणाशी?

तू विचारशील, एकांतात तरी बोलला नाहीस का. घर केवढं आहे तुला ठाऊक आहे, अव्वाची कूस वळली तरी ऐकू येतं. पण खरं कारण ते नाही. तिच्यासमोर एकटा असलो की मला काय बोलावं ते सुचतच नाही. कचेरीत लोक आपलं बोलणं घेऊन येतात, मी फक्त पुढं सरकवतो. माझं स्वतःचं कधी सांगावं लागलंच नाही.

एक विनंती आहे. तू नारायणपूरला जातेच आहेस, तर तिला एकटीला गाठून माझ्या वतीनं सांग की गैरसमज झाला. सासऱ्यांना मी वेगळं, रीतसर पत्र लिहीन. पण मला काही कळत नव्हतं असं चारचौघांत सांगू नकोस. निगरगट्ट म्हणून नाव झालं तर लोक निदान दबून असतात. खुळा म्हणून झालं तर मला कचेरीत कोण विचारील?

बंडेप्पा

•

कल्याणी,
भाद्रपद शुद्ध द्वादशी

बंडेप्पा,

नारायणपूरला जाऊन आले. तुझा निरोप दिला नाही, देणारही नाही.

रत्नम्मा वाळली आहे. मला पाणी दिलं, पाया पडली आणि पुढं सूप घेऊन तूर पाखडत बसली. मी म्हणाले, ‘बंडेप्पाच्या मनात काही वाईट न्हाई गं.’ तर सुपाकडे बघून म्हणते, ‘सूपबाई, मनात काय हाय ते मनवाल्यानं सांगावं. नणंदेला कामून तरास?’ मग मला काय बोलता येणार? तिनं सगळं सुपाला सांगितलं होतं.

तुझे सासरे सिद्धलिंगप्पा वाईट माणूस नाहीत, पण मुलीचं तोंड बघून त्यांचं मन उडालं आहे. अमावास्या झाली की मठात स्वामींपुढं बसून फारकत मागायची, असं त्यांनी ठरवलं आहे. एकदा चार लोकांत शब्द गेला की परत येत नाही, हे तुला मी सांगायला नको.

म्हणून ऐक. रीतसर पत्र लिहू नकोस. ज्या म्हशीच्या तोंडून तिनं दोन वर्षं तुला सगळं सांगितलं, ती म्हैस परत आण आणि तिला घेऊन नारायणपूरला जा. निगरगट्ट राहिलास तर रत्नम्मा गेली. खुळा आहेस हे सांगितलंस तर कदाचित येईल. आणि ते खोटंही नाही, मग सांगायला एवढं जड का जातं?

इथली एक गंमत लिहिते, कुणाला सांगू नकोस. तुझ्या प्रकारानंतर मी दाजींना विचारलं, ‘मी मांजराशी बोलते ते तुम्हाला कळतंय का?’ ते म्हणाले, ‘पहिल्या मांजरापासून कळायलंय. म्हणून तर तू मांजराला हाक मारलीस की मी उठून बाहेर जातो.’ त्या दिवसापासून मी त्या माणसाशी बोललेली नाही. मांजराशीही नाही.

तुझी अक्का

•

खजुरी,
भाद्रपद वद्य त्रयोदशी

अक्काला शरणार्थ.

सगळं क्रमानं सांगतो.

सरसंब्याला गेलो. वीरण्णा म्हैस द्यायला तयार होता, त्याची बायको नव्हती. तिनं मला उंबऱ्याबाहेर उभं करून विचारलं, ‘इकलेली म्हस परत कामून पायजे?’ खोटं सुचेना. खरं सांगितलं. ती इतकी हसली की खाली बसली. मग शेजारणींना बोलावून मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. त्यानंतरच दावं हातात दिलं.

तिथून नारायणपूरपर्यंत चालत, वाटेत एक मुक्काम. गावोगाव लोक विचारीत, ‘म्हस इकायची का?’ मी नाही म्हणायचो. ‘मग कुठं नेयलास?’ सासुरवाडीला म्हटलं की पुढचे प्रश्न सुरू. चंद्रीच्या शिंगांवर तांबडा रंग अजून होता. कुणी विचारलं, ‘शिंगं कामून रंगवलीस?’ त्याचं उत्तर देता देता माझे कान तापायचे. अक्का, जन्मभरात मला जेवढी लाज वाटायची होती तेवढी त्या रस्त्यावर वाटून झाली असं समजलो होतो. ते खरं नव्हतं.

सासऱ्यांच्या अंगणात पोचलो तर तिथं ते स्वतः, ईरण्णा आणि गावची चार वडीलधारी माणसं बसलेली. बहुधा मठात जायचंच बोलणं चाललं होतं. कुणी या म्हणालं नाही. स्वयंपाकघराच्या दाराआड लुगड्याचा काठ दिसला, तोच विटलेला. वडील माणसांसमोर मी तिच्याशी कसा बोलणार? शेवटी चंद्रीच्या मानेवर हात ठेवला आणि तिच्याकडे बघून मोठ्यानं म्हणालो,

‘चंद्रे, तू बोलत होतीस ते मला कळत नव्हतं. मला वाटलं, तू निस्ती म्हस हायस. मला तीन भाषा येत्यात म्हणून मी मिरवायलो, आन् घरातलं एक बोलणं समजलं न्हाई. मी मुद्दाम केलो न्हाई. मी निगरगट्ट न्हाई चंद्रे, मी ठार येडा हाय.’

एक म्हातारा ईरण्णाला म्हणाला, ‘ह्याला ऊन लागलंय, पाणी द्या.’ कुणीतरी हसलं. मी मान वर केली नाही. चंद्रीनं त्याच वेळी अंगणात शेण टाकलं. आता याहून खाली जायला जागा नाही असं वाटलं.

तेवढ्यात आतून बादली घेऊन ती बाहेर आली. बादली चंद्रीपुढं ठेवली, तिच्या शिंगावरून बोट फिरवलं आणि म्हशीलाच म्हणाली, ‘चंद्रे, येडं असतं तर कचेरीत इस्टूल मिळालं असतं का? इचार की.’

मी चंद्रीला सांगितलं, ‘कचेरीत मी दुसऱ्याचं सांगतो. माझं मला सांगता येत न्हाई.’

तिनं बादली जरा पुढं सरकवली आणि म्हणाली, ‘चंद्रे, वाटंला लावली म्हणत हुते. कुणाला लावली ते इचार.’

‘म्हशीला,’ मी म्हणालो. ‘निस्तं म्हशीला, शपथ घालून सांगतो. तू गेलीस तवापासनं घरात कुणी कुणाला काय सांगंना झालंय. चंद्रे, चल घरी.’

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, सगळ्यांसमोर. सिद्धलिंगप्पा बराच वेळ आळीपाळीनं तिघांकडे बघत होते, माझ्याकडे, मुलीकडे आणि म्हशीकडे. मग उठले, खांद्यावरचं उपरणं झटकलं आणि ईरण्णाला म्हणाले, ‘पाय धुवायला पाणी दे त्यांला. ह्यात फारकत कुणापासनं मागायची तेच कळंना झालंय.’

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. पेटी मागाहून गाडीनं येणार होती. रत्नम्मा पुढं, मधे चंद्री, मागं मी. (नाव लिहिलं बघ. लिहिताना कान गरम झाले.) गाव मागं पडलं, वाटेवर आमच्याशिवाय कुणी नव्हतं, तरी ती काही बोलली नाही, मलाही सुचलं नाही. दुपारी एका बाभळीपाशी ती थांबली, चंद्रीच्या पायाकडे बघून म्हणाली, ‘चंद्रे, पाय दुखायलेत का गं?’

आता मी शहाणा झालो होतो. झटकन पुढं होऊन म्हणालो, ‘न्हाई, न्हाई. माझे पाय काय दुखत न्हाईत.’

ती वळली. ‘तुम्हाला कोण इचारलंय? म्हशीलाच इचारायले. खुर बघा की तिचा, खडा रुतलाय!’

मी खाली बसून खडा काढला. वर बघायची हिंमत होईना, इतकी लाज वाटली. पण डोक्यावरून हसण्याचा आवाज आला. अक्का, दोन वर्षांत मी तिला हसताना ऐकलं नव्हतं. पदर तोंडात कोंबून हसत होती आणि हसता हसता माझ्याकडे बघत होती, सरळ माझ्याकडे.

मग डोळे पुसून म्हणाली, ‘तुमचे बी दुखत असतील की. बसा जरा.’

चंद्री पलीकडं चरायला गेली होती. मी बसलो.

तुझा,
बंडेप्पा